जहाज बंदराला लागेपर्यंत

४ मार्च

नवा कायदा आला. म्हणजे झाला डिसेंबरातच, पण आमच्या दुसऱ्या मजल्यावर पोचायला त्याला मार्च उजाडला. सागरी सुरक्षेचा जुना कायदा आमूलाग्र बदललाय आणि त्यातलं एकच कलम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. जुन्या कायद्याने ज्यांना जे दिलं होतं, त्याचं मधल्या काळात काय व्हायचं, ते सांगणारं. लोकांना समजेल असं माहितीपत्रक मी लिहायचं. आमच्या वकीलबाईंनी लिहिलं तर ते समजायला आणखी एक वकील लागेल, असं साहेब म्हणाले, तेही बाई समोर बसलेल्या असताना. बाई हसल्या. मी नसते हसले.

कलम सोपं आहे. आजवर एकदा जहाजावरचा अधिकारी झालात की जन्मभर अधिकारी. आता तसं नाही. जुनी प्रमाणपत्रं तीस सप्टेंबरपर्यंत बदलून घ्यायची, आणि बदलून हवं असेल तर गेल्या पाच वर्षांत तीन महिने तरी जहाजावर काम केलेलं असायला हवं. तोवर जुनं प्रमाणपत्र नव्या कायद्याखाली दिलेलं आहे असं मानलं जाईल. तीस सप्टेंबरनंतर ते संपलं. मग पुन्हा पहिल्या परीक्षेपासून सुरुवात.

माझंही एक आहे. कपाटात, हिवाळी कपड्यांखाली. सेकंड ऑफिसर. आठ वर्षं जहाजावर होते, मग खारू झाली, आणि त्यानंतरची नऊ वर्षं या दुसऱ्या मजल्यावर. ते काही मला बदलून घ्यायचं नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे विषय संपला.

५ मार्च

काल जेवताना ह्याला त्या कलमाबद्दल सांगितलं. ह्याने एवढंच विचारलं की ते तीन महिने सलग लागतात का तुकड्यातुकड्यांनी चालतात. म्हटलं, तुला कशाला हवंय? म्हणाला, सहज.

२६ मार्च

माहितीपत्रक छापून आलं आणि खिडकीवर रांग लागली. बहुतेकांना एकच विचारायचं असतं: माझं काय होणार? काही जण तर स्वतःचं नाव सांगायच्या आधी जहाजाचं नाव सांगतात.

आज एक दाढीवाला इंजिनियर आला होता. वडिलांच्या आजारपणामुळे पाच-सहा वर्षं घरी होता. आता जहाज मिळतंय, पण ऑगस्टात. तीन महिने नोव्हेंबरात पुरे होतील. सेवा मुदतीच्या आत सुरू केली तर चालेल ना, असं विचारत होता. कलमात शब्द आहेत ‘सेवा केलेली असावी’. मी नोट तयार केली की ‘केलेली’ म्हणजे पूर्ण केलेली, साहेबांनी सही केली, आणि मी खिडकीवर जाऊन त्याला सांगितलं. चांगलं हसून, समजावून सांगितलं. तो बरं म्हणाला आणि कागदाची नीट घडी घालून गेला.

नोट स्वच्छ झालीय. साहेबांनी एकही शब्द बदलला नाही.

८ एप्रिल

वीज गेली की आमच्या इमारतीचा जनरेटर सुरू होतो. तो जिन्याखाली आहे. अशा वेळी मी काहीतरी निमित्त काढून खाली जाते आणि शेवटच्या पायरीवर थोडी उभी राहते. पायरी डेकसारखी थरथरते. डोळे मिटले तर तळपायापुरतं का होईना, खरं वाटतं.

आज शिपायाने पाहिलं. बाई, चक्कर आली का, म्हणाला. हो म्हटलं. त्याने धावत जाऊन पाणी आणलं, ते प्यावं लागलं.

१७ एप्रिल

आज कप्तान आले. जहाजावर मला पहिली चार वर्षं ज्यांनी घडवलं ते. पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत, एक कान गेलाय, पण कोट तसाच कडक. रांगेत अर्धा तास उभे होते म्हणे. मला आधी दिसलेच नाहीत. प्रमाणपत्र बदलून घ्यायला आले होते. म्हटलं, कप्तान, तीन महिन्यांची सेवा लागते. म्हणाले, जहाज कुठे चालवायचंय मला, दारावरच्या पाटीवर कप्तान लिहिलंय ते खोटं ठरू नये एवढंच. पाटीला हा कायदा लागू नाही असं मी सांगितल्यावर ते मोठ्याने हसले. मागची रांगही हसली.

मग खिडकीच्या जाळीला तोंड लावून विचारलं, “आणि तुझं काय, सेकंड?”

मला अजून सेकंडच म्हणतात. मी म्हटलं, माझं जाईल तसंच.

“तसंच म्हणजे कसं?”

मागचा माणूस खोकायला लागला. मी पुढचा कागद ओढून घेतला.

२ मे

घरात काहीतरी बदललंय आणि मला बोट ठेवता येत नाही. ह्याचे शिकवणीचे वर्ग गेली बारा वर्षं संध्याकाळी असतात. आता एकाएकी सकाळचे करून घेतले. मला सांगितलं ते ठरल्यावर. खारूच्या वेण्याही हाच घालतो. पहिल्या दिवशी एक वेणी कानाच्या वर आणि एक खाली होती, पोरगी तशीच शाळेत गेली. मी करते म्हटलं तर नको म्हणाला, मला जमू दे.

तिच्या शाळेच्या बाईंशी फोनवर हाच बोलतो. दुधवाल्याचा हिशेब, दंतवैद्याची वेळ, सगळं ह्याच्याकडे गेलंय. मला करायला काही उरलंच नाही. माणूस एखाद्याला मनातून काढायला लागला की आधी त्याची कामं काढून घेत असेल का?

विचारणार होते. विचारलं नाही.

१४ मे

कप्तानांचा फोन. एका कंपनीचं सिमेंट वाहणारं जहाज आहे, किनाऱ्या-किनाऱ्याने फिरतं. त्यांच्या सेकंड ऑफिसरचं पोटाचं ऑपरेशन आहे. वीस जूनला चढायचं. वीस सप्टेंबरला तीन महिने पुरे होतात, मुदतीच्या आत. “मी तुझं नाव दिलंय,” म्हणाले. विचारलंसुद्धा नाही. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळव म्हणे.

सिमेंटचं जहाज. डेकवर धूळ, दातांत धूळ. कोण जाणार?

१५ मे

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एकाच माणसाला दोनदा तेच सांगितलं.

लोकांना वाटतं समुद्राची ओढ म्हणजे लाटा, सूर्यास्त वगैरे. मला आठवतं ते दुपारी चारचं. सेकंडची पाळी बारा ते चार. चार वाजता चीफ ऑफिसर यायचा, मी त्याला दिशा सांगायची, वेग सांगायचा, कुठे कोणतं जहाज आहे ते सांगायचं, तो म्हणायचा घेतलं, आणि मी मोकळी. जग एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, न सांडता. घरात असं कधी होत नाही. घरात कुणी ‘घेतलं’ म्हणत नाही.

१६ मे

सांगितलं ह्याला. एक जहाज आलंय, तीन महिन्यांचं, असं म्हणतेय तेवढ्यात हा म्हणाला, “जा की.” वाक्य पुरं तरी होऊ द्यायचं! खारूचं काय, आठवण येईल का, काही नाही. जा की, जसं काही कोपऱ्यावरून ब्रेड आणायचाय.

नळ सोडून बाथरूममध्ये बसले. बाहेर आल्यावर ह्याने विचारलं, टाकी रिकामी केलीस का?

कंपनीला हो कळवलं. रागात कळवलं हे खरं.

२९ मे

सासूबाई आल्या आहेत. इथे गुडघ्यांचे उपचार चांगले होतात म्हणे. दोन मोठ्या पिशव्या, स्वतःची उशी, स्वतःचा चहाचा कप आणि थंडीतला स्वेटर. महिन्याभराच्या उपचारांना स्वेटर कशाला, देव जाणे. आल्या आल्या खारूचं कपाट लावायला घेतलं आणि मग खाली वाकून पलंगाखालचे मोजे काढले. गुडघे दुखणारं माणूस इतकं वाकत नाही असं मनात आलं, पण बोलून वाईटपणा कोण घेणार.

१२ जून

वैद्यकीय तपासणी झाली. डोळे उत्तम, वजन जरा जास्त. बिनपगारी रजा मंजूर. साहेबांनी शुभेच्छा दिल्या आणि माझ्या टेबलावरच्या फायली कुणाकडे द्यायच्या ते आधी विचारलं.

खारूने सगळ्या वर्गाला सांगितलंय की आई जहाज चालवणार. मी चालवणार नाही, पाळी करणार, असं समजावलं. ती म्हणाली, पाळीत जहाज बंद असतं का? नाही म्हटलं. “मग तूच चालवणार.”

१८ जून

जहाज दुरुस्तीला, ड्रायडॉकला गेलं. पंख्याच्या दांड्याजवळून तेल गळत होतं. किमान तीन आठवडे. चढायचं आता बारा जुलैला.

बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं. बारा दिवस कमी पडतात.

१९ जून

ऑफिसात जाऊन ती फाईल काढली. माझीच नोट. ‘केलेली’ म्हणजे पूर्ण केलेली. इतकी स्वच्छ लिहिलीय की कुठे बोट शिरायला फट नाही.

वकीलबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना ड्रायडॉकचं कळलं होतं. म्हणाल्या, त्या शब्दाचा दुसराही अर्थ लागतो, सेवा सुरू झालेली असली तरी पुरे. मार्चमध्ये त्या गप्प बसल्या होत्या, आता नवी नोट मांडूया म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही खुशाल मांडा, पण मी त्याला हात लावणार नाही. दाढीवाल्याला मी परत पाठवलं. आता माझ्यावर आल्यावर शब्दाचा अर्थ बदलायचा?

बाई स्वतः साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, या नोटेवर चाळीसएक माणसं परत गेलीत, आता बदलायचं तर वरून विचारून घ्यावं लागेल. विचारतील. उत्तर पुढच्या वर्षी येईल.

बाई परत आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटायचं त्या काहीच मनाला लावून घेत नाहीत.

२० जून

लिहायला हात चालत नाही, पण आज लिहायलाच हवं.

संध्याकाळी ह्याला सांगितलं की जहाजाचं रद्द करते. तीन महिने पुरे होत नाहीत, प्रमाणपत्र मिळणार नाही, मग उगाच घर उलटंपालटं कशाला. हा कांदा चिरत होता. सुरी खाली ठेवली. ह्याला रागावलेलं मी फार पाहिलेलं नाही.

“मी काय तुला प्रमाणपत्रासाठी पाठवत होतो?”

मग हा बोलत गेला. मार्चमध्ये त्या कलमाबद्दल सांगताना माझा भात गार झाला तरी मी थांबले नव्हते म्हणे. नऊ वर्षांत एका दमात तू एवढं बोलली नव्हतीस, म्हणाला. त्याच रात्री ह्याने ठरवलं. वर्ग सकाळी घेतले ते खारू शाळेतून येताना कुणीतरी घरी असावं म्हणून. वेण्या त्यासाठी, दंतवैद्य त्यासाठी. आधी सांगितलं असतं तर मी शंभर कारणं काढून नको म्हटलं असतं, आणि ते खरंच आहे.

मी म्हटलं, मला वाटलं तुला मी नकोशी झालेय. त्यावर ह्याने हात पुसले.

“तू जाशील याची मला भीती वाटते,” म्हणाला. “पण तू गेली नाहीस आणि जन्मभर त्याचं काही बोलली नाहीस, तर त्याची जास्त वाटते.”

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत गं. आता सांगून टाकते, रोज लंगडायचा कंटाळा आला.”

रडता रडता हसू आलं. कांदा तसाच राहिला. रात्री अंडी खाल्ली.

१२ जुलै, जहाजावर

चढले. शिडी चढताना धाप लागली ती कुणाला कळू दिली नाही. थर्ड ऑफिसर चोविशीची मुलगी, मला मॅडम म्हणते. रडारचे पडदे सगळे नवे. तिने दाखवलं, मी निमूट शिकले. माझ्या केबिनच्या खिडकीची खिटी गंजलेली आहे. सगळीकडे सिमेंटची भुकटी.

बंदर सोडलं आणि तळपायातून थरथर वर आली. लिहिताना टेबल थरथरतंय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

१५ जुलै

जहाज लागलं. सेकंड ऑफिसरला! बादली घेऊन पाळी केली. मास्टर, म्हणजे इथले कप्तान, एकदा डोकावले आणि काहीच न बोलता गेले. भला माणूस.

६ ऑगस्ट

चार वाजता चीफला पाळी दिली. घेतलं, म्हणाला. बाहेर येऊन कठड्याला रेलून उभी राहिले. काहीच घडलं नाही. नऊ वर्षं मी याचीच वाट पाहत होते, की काहीच न घडणाऱ्या या जागी उभं राहावं.

मग वाटलं, हे खारूला दाखवायला हवं. आणि पुढची सगळी संध्याकाळ त्यातच गेली.

३१ ऑगस्ट

किनारा जवळ होता म्हणून फोन लागला. खारू म्हणाली, दाढ पडली, गणितात चुका केल्या, आजी पत्त्यांत फसवते. मग विचारलं, “तिकडे रस्त्यांना नावं असतात का?” नाही म्हटलं. “मग घरी कसं यायचं कळतं कसं?” सांगायला गेले तर फोन कटला. चार्टवरून येतात, ताऱ्यांवरून येतात, असं काहीतरी सांगणार होते. फोन कटला तेच बरं. तिला तेवढंच विचारायचं नव्हतं, हे मला नंतर जिन्यात कळलं.

ह्याच्याशी बोलायचं राहिलं. ह्याचा खाकरण्याचा आवाज तेवढा आला मागून.

२९ सप्टेंबर

आमच्याच बंदराबाहेर नांगर टाकून उभे आहोत. आत धक्का मोकळा नाही. तीन-चार दिवस लागतील म्हणतात.

मी मास्टरांकडे गेले आणि म्हटलं, उद्या माझं प्रमाणपत्र संपतं, परवापासून माझी पाळी दुसऱ्याला द्यावी लागेल. त्यांनी कायद्याची प्रत काढून माझ्यापुढे सरकवली. “तुमच्याच खात्याची आहे ना? वाचा.”

त्या कलमाला शेवटी एक पोटकलम आहे. मुदत संपते त्या दिवशी एखादी व्यक्ती जहाजावर सेवेत आणि जहाज प्रवासात असेल, तर तिचं प्रमाणपत्र, ते जहाज पुढच्या बंदरात धक्क्याला बांधलं जाईपर्यंत चालू असल्याचं मानलं जाईल. चार महिने हे कलम मी लोकांना समजावत होते. पण खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस जमिनीवरचा, त्यामुळे हे कुणी विचारलंच नाही आणि मीही त्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते.

सेवा मोजायची ती उद्यापर्यंतच. बदलून काही मिळणार नाही. पण दोर बांधेपर्यंत मी सेकंड आहे.

१ ऑक्टोबर

ब्रिजवरून दुर्बिणीने आमच्या घराजवळची पाण्याची टाकी दिसते. घर तिच्या मागे आहे, ते दिसत नाही. दिसलं असतं तर मी पाळीत समोरच्या यंत्रांवरचे दिवे बघितले असते का कुणास ठाऊक.

खारूचा फोन आला. ती, हा आणि आजी धक्क्याजवळच्या भिंतीवर बसून आमचं जहाज बघतायत. “आई, तू दिसत्येस आम्हाला, मग येत का नाहीस?” म्हटलं, जागा नाहीये गं आत. ती म्हणाली, “मी सांगू का कुणाला?”

सांग म्हणावंसं वाटलं. आणि सांगू नकोस असंही. दोन्ही एकाच श्वासात, आणि दोन्ही खरं.

३ ऑक्टोबर, घरी

सकाळी दहाला धक्का मिळाला. नांगर उचलला, जहाज आत नेणारा बंदराचा पायलट चढला. जहाज लावताना सेकंडची जागा मागच्या टोकाला असते, दोरांपाशी. तिथून बंदर आधी दिसत नाही. दिसतो तो मागे पडत जाणारा समुद्र. मग हळूहळू दोन्ही बाजूंनी जमीन पुढे येते आणि तो दोन भिंतींमध्ये अरुंद होत जातो.

धक्का जवळ आला तेव्हा ते तिघं दिसले. खारू पिवळा कोट घालून उड्या मारत होती आणि हा तिची कॉलर मागून घट्ट धरून उभा होता. ह्याने दाढी वाढवलीय. मला कुणी सांगितलं नव्हतं. बारा आठवड्यांत माणूस दुरून ओळखू येईना असा होतो.

पहिला दोर फेकला. धक्क्यावरच्या माणसाने खुंटाला अडकवला, आम्ही ताणून घेतला, खलाशाने फासे मारले आणि माझ्याकडे बघून हात वर केला. आता वॉकीटॉकीवर मला एक वाक्य बोलायचं होतं. पुढचा दोर अजून पाण्यातच होता. पहिला माझाच बांधला गेला होता. मी बोलले की मास्टर नोंद करणार, आणि नोंद झाली की संपलं.

खलाशी वाट बघत होता. त्याला वाटलं असेल, मला त्याचा हात दिसला नाही. त्याने पुन्हा वर केला.

मी त्या अरुंद होऊन उरलेल्या पाण्याकडे बघितलं. मग पिवळ्या कोटाकडे बघितलं.

“मागचा दोर बांधला,” मी म्हटलं.

“घेतलं,” मास्टर म्हणाले.